दोघंच, दोन दिवस, एक मुक्काम: डोंगरातल्या भटकंतीचं नियोजन

उत्तरधार (धागाकर्ता)

नवरा-बायको किंवा जोडीदार, दोघंच दोन दिवस डोंगरात जाणार, मधली एक रात्र तंबूत काढणार, अशा बेतासाठी लागणारी माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा. मोठ्या गटांच्या याद्या खूप मिळतात. त्या निम्म्या करून दोघांना लावल्या की गोची होते. चौघांच्या गटात एकाचा पाय मुरगळला तर एक जण त्याच्यापाशी थांबतो आणि उरलेले दोघं मदत आणायला जातात. दोघांत ती सोय नाही. त्यामुळे वाट रुळलेली हवी, अंतर कमी हवं आणि वेळ भरपूर हाताशी हवा.

आधी वेळेचा हिशोब. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ साली दिलेला ठोकताळा अजून कामाला येतो: दर ५ किलोमीटरला १ तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी १ तास. समजा वाट १२ किलोमीटरची आणि एकूण चढ ९०० मीटर. अंतराचे २ तास २४ मिनिटं, चढाचा दीड तास, मिळून ३ तास ५४ मिनिटं. पण हा आकडा सराव असलेल्या, पाठीवर फारसं ओझं नसलेल्या आणि कुठेही न थांबणाऱ्या माणसाचा. मुक्कामाची सॅक असेल तर दीडपट धरा, म्हणजे जवळपास ५ तास ५० मिनिटं. ओली वाट, घसारा (सुट्या माती-दगडांचा निसरडा उतार), गच्च झाडी असेल तर दुप्पट. आणि हिशोब दोघांपैकी हळू चालणाऱ्याचा करायचा. दोघांच्या वेगाची सरासरी काढली तर ती कोणाच्याच पायांना लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट माघारीची वेळ. घड्याळातली वेळ घरीच, आदल्या रात्री ठरवा. 'दुपारी १ वाजता असू तिथून मागे' असं ठरलं की १ म्हणजे १. माथा समोर दिसत असताना एकाचा आग्रह आणि दुसऱ्याची भीड यात तास कधी निघून जातो ते कळत नाही. त्यासाठी सरळ नियम करून टाका: पुढे जायला दोघांचा होकार लागेल, मागे फिरायला एकाचा पुरे. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही.

आता ओझं. दोघांचं मिळून २४ किलो सामान आहे, एकाचं वजन ८० किलो, दुसऱ्याचं ५५. '१२-१२ घेऊ' हे ऐकायला न्याय्य वाटतं, पण पहिल्याच्या अंगावर १५ टक्के आणि दुसऱ्याच्या अंगावर जवळजवळ २२ टक्के येतात. मुक्कामी भटकंतीला शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहावं असं मानतात. प्रमाणात वाटलं तर १४.२ आणि ९.८ किलो होतात, दोघांनाही साधारण १८ टक्के.

हे वाटप मात्र फक्त सामायिक सामानाचं: तंबू, स्टोव्ह, भांडं, जेवणाचा शिधा. हेडटॉर्च, शिट्टी, नकाशा, पाण्याची बाटली, उबदार जॅकेट, पावसाचं जॅकेट, लायटर, अंगभर येणारी आपत्कालीन पिशवी, पट्टी-टेप आणि मूठभर खाऊ या वस्तू प्रत्येकाच्या सॅकमध्ये स्वतंत्र हव्यात. 'टॉर्च तुझ्याकडे आहे ना, मग मी कशाला घेऊ' इथून घोळ सुरू होतो. धुक्यात दोघं वेगळे पडले की ज्याच्याकडे टॉर्च नाही तो अंधारात.

घसारा

चांगला धागा. नाइस्मिथच्या हिशोबात उतार धरलेलाच नाही, तेवढी भर घालतो. ब्रिटिश गिर्यारोहक एरिक लँगम्युर यांची दुरुस्ती अशी: उतार सौम्य असेल, साधारण ५ ते १२ अंश, तर दर ३०० मीटर उतरण्यामागे १० मिनिटं कमी करा. १२ अंशांपेक्षा तीव्र असेल तर दर ३०० मीटरला १० मिनिटं वाढवा. वरच्या उदाहरणातले ९०० मीटर तीव्र उतारानं खाली आलात तर अर्धा तास वाढला. परतीचा दिवस म्हणजे उताराचा, म्हणजे लवकर होईल, हे गृहीत धरून रविवारी उशिरा निघतात आणि शेवटचा टप्पा अंधारात येतो. गुडघे थकलेले, उजेड कमी, वाट निसरडी. पाय मुरगळायला एवढं पुरतं.

काठ्या असतील तर चढताना कोपर काटकोनात येईल एवढी उंची ठेवा, मोठा उतार लागला की ५ ते १० सेंटीमीटर वाढवा. हात पट्ट्यातून खालून वर घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची, म्हणजे भार मनगटावर येतो, बोटं आवळून धरावी लागत नाहीत.

पायरव

वजनाच्या टक्केवारीबद्दल थोडं वेगळं मत. शरीराचं वजन म्हणजे ताकद नव्हे. ८० किलोच्या माणसाला दम लागत असेल आणि ५५ किलोची व्यक्ती रोज धावत असेल तर १४ आणि १० हे वाटप उलटं पडेल. टक्केवारी फक्त पहिल्या अंदाजाला वापरा. खरी परीक्षा चढाच्या पहिल्या २० मिनिटांनंतर: पूर्ण वाक्य न तुटता बोलता येतंय का? ज्याला येत नाही त्याच्या सॅकमधून एक लिटर पाणी काढून दुसऱ्याकडे द्या. एक किलो लगेच इकडून तिकडे, सॅक उलटीपालटी करायची गरज नाही.

आणखी एक. संपणारं सामान, म्हणजे शिधा आणि पाणी, हळू चालणाऱ्याकडे द्यावं. तंबू, स्टोव्ह असं न संपणारं दुसऱ्याकडे. दोघांचा दोन दिवसांचा कोरडा शिधा अडीच किलोच्या आसपास जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी, पाय सगळ्यात थकलेले असताना, त्या सॅकमधले दोनेक किलो कमी झालेले असतात.

निवांतचाल

सॅक बसवण्याबद्दल कोणी बोललं नाही. ओझ्याचा बहुतेक भार कमरेच्या हाडांवर जायला हवा, खांद्यांवर नाही. क्रम असा: सगळे पट्टे सैल करा, सॅक चढवा, कमरपट्ट्याचा मधला भाग कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर आणून आवळा, मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरचे छोटे ओढपट्टे, शेवटी छातीचा. खांद्याचे पट्टे आधी आवळले तर कमरपट्टा पोटावर चढतो आणि दोन तासांत मान भरून येते.

जोडीदाराची जुनी सॅक दुसऱ्यानं वापरायची हा सर्रास प्रकार. सॅकचं माप माणसाच्या उंचीवरून ठरत नाही, पाठीच्या लांबीवरून ठरतं. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी जो मणका ठळक हाताला लागतो तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत टेप धरा. तेवढी लांबी सॅकच्या पाठीशी जुळत नसेल तर कितीही पट्टे ओढा, भार कमरेवर यायचा नाही.

रातकिडा

प्रश्न. दोघांच्या स्लीपिंग बॅग एकाच कंपनीच्या, एकाच तापमानाच्या घेतल्या तरी एकाला थंडी वाजते आणि दुसरा आरामात झोपतो असं खूप ठिकाणी वाचलं. बॅगेत दोष असतो का?

उत्तरधार

दोष बॅगेत नाही, आकडा वाचण्यात असतो. आय.एस.ओ. २३५३७ या मानकानुसार, आणि त्याआधी ई.एन. १३५३७ नुसार, बॅगेवर दोन वेगळे आकडे येतात. 'कम्फर्ट' म्हणजे प्रमाण स्त्री सैल अंगानं आरामात झोपू शकेल असं तापमान. 'लिमिट' म्हणजे प्रमाण पुरुष अंग मुडपून रात्र काढू शकेल ते. दोन्हींत ५-६ अंशांचा फरक सहज असतो. जाहिरातीत बहुधा मोठ्या अक्षरात लिमिट असतं. त्यामुळे '०ची बॅग' म्हणून दोन घेतल्या आणि तो ० लिमिटचा असेल, तर ज्याला थंडी जास्त वाजते त्याची सोय ५ अंशांपर्यंतच आहे. खरेदी करताना दोघांसाठीही कम्फर्टचाच आकडा बघा.

मुक्कामाचं तापमान काढायलाही सोपा मार्ग आहे. दर १००० मीटरला सरासरी ६.५ अंश घट. पायथ्याच्या गावात किमान १२ अंश सांगितलं असेल आणि तंबू तिथून ११०० मीटर वर पडणार असेल तर ५ अंशांच्या आसपास धरा. वारा वेगळा. उलट खोलगट दरीच्या तळाशी रात्री गार हवा साचते, त्यामुळे ओढ्याकाठची सपाट जागा थोड्या वरच्या टप्प्यापेक्षा जास्त गार असते, आणि ओलीही.

काजळमाथा

बॅगेइतकीच मॅट महत्त्वाची. अंगाखाली दबलेला भरावा ऊब धरत नाही, तिथे सगळी मदार मॅटवर. मॅटवर 'आर' मूल्य, म्हणजे ऊब टिकवण्याच्या क्षमतेचा आकडा, असतो: उन्हाळी रात्रींना २ पुरतं, शून्याच्या जवळपास ३ ते ४, बर्फावर ५ आणि वर. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर मूल्यांची बेरीज होते. फोमची साधी मॅट खाली आणि हवेची वर हे चांगलं जमतं, काटा लागून हवा गेली तरी रात्र निभते.

दोन बॅगा चेनने जोडून एक करायची इच्छा असेल तर एकाची चेन डाव्या बाजूची आणि दुसऱ्याची उजव्या बाजूची हवी, आणि चेनची जात व लांबी सारखी हवी. हे विकत घेतानाच बघायचं. तरी जोडलेल्या बॅगेत दोन डोक्यांच्या मध्ये मोठी फट राहते आणि एकानं कूस बदलली की ऊब त्या फटीतून बाहेर जाते. गळ्याशी जॅकेट गुंडाळून ती फट बुजवा. दोन मॅटही रात्रभरात एकमेकींपासून सरकतात आणि मध्ये सरकलेला माणूस जमिनीवर येतो. दोन पट्ट्यांनी मॅट एकत्र बांधल्या की हा त्रास जातो. थंडी शून्याच्या खाली जाणार असेल तर जोडू नका, वेगवेगळ्या बॅगांत शेजारी झोपा.

घसारा

तंबूवर लिहिलेल्या 'दोन व्यक्तीं'वर विसंबू नका, तळाची रुंदी बघा. नेहमीची मॅट ५१ सेंटीमीटर रुंद असते, रुंद मॅट ६४. दोन रुंद मॅट म्हणजे १२८. तंबूचा तळ १२० असेल तर बसणारच नाहीत. काही तंबू पायाकडे निमुळते होतात, तिथली रुंदी वेगळी मोजा. दोन बाजूंना दोन दारं असलेला तंबू पाव-अर्धा किलो जड पडला तरी घ्यावा, रात्री एकाला बाहेर जायचं तर दुसऱ्याला ओलांडावं लागत नाही.

सकाळी तंबूच्या आतून पाणी टपकतं ते बहुतेक वेळा पावसाचं नसतं. दोघांच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमते. हवा खेळायच्या खिडक्या पावसातही उघड्या ठेवा आणि बाहेरचं कापड आतल्याला टेकू देऊ नका. नायलॉनचं कापड भिजलं की सैल पडतं. पाऊस सुरू झाल्यावर एकदा उठून दोऱ्या ताणल्या नाहीत तर मध्यरात्री ते ओलं कापड आतल्या पडद्याला चिकटतं.

रातकिडा

स्टोव्ह आणि गॅसचं गणित कोणी सांगेल का? दोघांना एका रात्रीसाठी किती लागतो?

काजळमाथा

वारा नसताना एक लिटर पाणी उकळायला १० ते १५ ग्रॅम गॅस. रात्रीचं जेवण, सकाळची न्याहारी, दोन वेळचं गरम पेय, सगळं फक्त पाणी उकळून होणारं असेल तर दोघांना ४ ते ५ लिटर. म्हणजे ४० ते ७५ ग्रॅम. १०० ग्रॅमचा डबा पुरतो, पण शिजवावं लागणारं अन्न असेल किंवा पिण्याचं पाणीही उकळणार असाल तर २३० ग्रॅमचा घ्या. वाऱ्यात हिशोब पार बिघडतो, खडकाच्या आडोशाला बसा. भांड्यावर झाकण ठेवा.

थंडीत ज्योत बारीक होत जाते आणि डबा हलवला तर आत गॅस खळखळताना कळतो. कारण साध्या ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्ध्या अंशाच्या आसपास आहे, त्याखाली तो द्रवच राहतो. आयसोब्युटेनचा उणे १२ आणि प्रोपेनचा उणे ४२. थंड जागी आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचा डबा न्या आणि रात्री तो बॅगेत पायाशी ठेवा.

दोन गोष्टी अजिबात करू नयेत. डब्यावर बसणाऱ्या स्टोव्हला चारही बाजूंनी पत्र्याचा आडोसा करायचा नाही, उष्णता अडकून डबा तापतो आणि फुटू शकतो. आणि तंबूच्या आत स्टोव्ह पेटवायचा नाही. आगीचा धोका तर आहेच, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि दोघंही एकाच वेळी गुंगीत जातात. दुसऱ्याला उठवायला जागं कोणीच उरत नाही.

पायरव

पाण्याचंही इथेच लिहिते. चालताना दर तासाला साधारण अर्धा लिटर, उन्हात त्याहून जास्त. वाटेतलं पाणी खळखळून १ मिनिट उकळा, २००० मीटरच्या वर ३ मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. क्लोरीनच्या गोळ्यांना सहसा अर्धा तास द्यावा लागतो, गार किंवा गढूळ पाण्यात त्याहून जास्त, आणि क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीवर क्लोरीन भरवशाचं नाही. ०.२ मायक्रॉन छिद्रांचा फिल्टर जिवाणू आणि असे परजीवी अडवतो, विषाणू अडवत नाही. वरच्या बाजूला वस्ती असेल तर फिल्टर आणि गोळी दोन्ही.

पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा वापरला की आत पाणी राहतंच. ते रात्री गोठलं तर तंतू फुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पाणी येत राहतं, गाळलं मात्र जात नाही. म्हणून थंडीत फिल्टर पिशवीत घालून बॅगेत घेऊन झोपा.

सतत घाम गाळून नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि लोक आणखी पाणी पाजतात. खाणं आणि क्षार सोबत चालू ठेवा.

निवांतचाल

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा: चालण्याची रीत.

हळू चालणारा पुढे, वेगवान मागे. उलटं असलं की वेगवान माणूस पुढे जाऊन थांबतो, बसतो, दम खातो. दुसरा धापा टाकत पोचतो तेव्हा पहिला ताजा झालेला असतो आणि 'चला' म्हणतो. म्हणजे ज्याला विश्रांती लागते त्याला ती कधीच मिळत नाही. असं चार-पाच थांब्यांवर झालं की दुपारपर्यंत त्याचे पाय संपतात. थांबलात तर घड्याळ मागच्याच्या येण्यापासून लावा.

फाटा आला, ओढा आला, खिंड आली की दोघं एकत्र. त्याशिवाय पुढे पाऊल नाही. धुक्यात चुकामूक झालीच तर मागचा आहे तिथे थांबतो, पुढचा वाट उलटी चालत शेवटच्या फाट्यापर्यंत मागे येतो. एकानं शोधायचं, दुसऱ्यानं जागा सोडायची नाही. दोघं शोधायला लागले की एकमेकांच्या आजूबाजूनं फिरत राहतात.

आणि चिडचिड. गारठ्यानं शरीराचं तापमान उतरायला लागतं तेव्हा सुरुवातीची लक्षणं अशी असतात: पाय अडखळतो, बोलणं जड होतं, चेन लावता येत नाही, वस्तू हातातून पडतात, आणि माणूस चिडचिडा किंवा गप्प होतो. साखर कमी पडली, पाणी कमी झालं, उंची बाधली तरी हेच. दोघांच्या सहलीत याचा अर्थ 'रुसलाय', 'भांडायच्या मूडमध्ये आहे' असा लावला जातो, कारण दोघांना एकमेकांचे रुसवे माहीत असतात. डोंगरात जोडीदार अकारण तुटक बोलायला लागला तर आधी थांबा. कोरडं जॅकेट, गोड काहीतरी, दोन घोट पाणी, आणि बोटं हालवून दाखवायला सांगा. अंगठा करंगळीला टेकवता येत नसेल तर गारठा खोल चाललाय. १५ मिनिटांत माणूस पूर्ववत झाला नाही तर बेत तिथेच बदला.

रातकिडा

हे खरंच डोक्यात येत नाही. बेत बदला म्हणजे परतच फिरायचं का?

निवांतचाल

कारणावर आहे. गारठा असेल तर आडोसा, कोरडे कपडे, खाली मॅट, बॅगेत शिरणं हे आधी. ओल्या कपड्यांत वाऱ्यातून तीन तास परत चालवणं त्याहून वाईट. कॉटन अंगावर असेल तर ते आधी काढा, भिजलेलं कॉटन लवकर वाळत नाही आणि अंगाची ऊब ओढत राहतं. उंचीचा त्रास असेल तर वर जाणं बंद, आणि वाढत असेल तर खाली उतरणं हाच उपाय. साधारण २५०० मीटरच्या वर डोकेदुखी आणि मळमळ म्हणजे उंचीचीच समजा. सरळ रेषेत एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावून चालता येत नसेल तर रात्र असली तरी खाली न्यायचं. दोन दिवसांत शरीर उंचीला सरावत नाही, म्हणून सखल भागात राहणाऱ्यांनी शनिवार-रविवारच्या बेतात झोपायची जागा २५०० मीटरच्या खालीच धरावी. दिवसा वर जाऊन येणं त्यामानानं चालतं.

उत्तरधार

वीज. दुपारी ढग चढणारा मोसम असेल तर माथा सकाळीच करून मोकळं व्हा. लखलखाट आणि गडगडाट यात ३ सेकंद म्हणजे वीज १ किलोमीटरवर. ३० सेकंद किंवा कमी असेल तर ती तुमच्यापर्यंत पोचू शकते. माथा, धार, एकटं झाड, उथळ कपार, सगळं सोडा, खाली या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. उघड्यावर अडकलात तर एकमेकांना बिलगून बसू नका. किमान १५ मीटर अंतर ठेवा, एकमेकांना दिसत राहा. वीज पडली तर दोघांपैकी एक शुद्धीवर राहायला हवा, कारण श्वास किंवा हृदय थांबलेल्याला लगेच छाती दाबून आणि कृत्रिम श्वास देऊन वाचवता येतं. विजेचा मार बसलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही, हात लावायला घाबरू नका.

घसारा

ओढा ओलांडताना मात्र उलट, एकमेकांना धरा. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरूच नका. त्याखाली असेल तर रुंद, उथळ जागा शोधा, बूट पायात ठेवा, सॅकचा कमरपट्टा आणि छातीपट्टा सोडा म्हणजे पडलात तर सॅक झटकता येते. समोरासमोर उभं राहून एकमेकांचे खांदे धरा, आडवे सरका, एका वेळी एकानंच पाऊल उचलायचं. बर्फ वितळून येणारा ओढा सकाळी कमी असतो, दुपारी फुगतो. सकाळी सहज ओलांडलेला ओढा परतीला तसाच मिळेल हे धरू नका.

रातकिडा

एकाला लागलं आणि फोनला रेंज नाही, तर दुसऱ्यानं थांबायचं की जायचं?

पायरव

थांबायचं, शक्य तितकं थांबायचं. आधी शिट्टी: एका मिनिटात ६ वेळा, मग एक मिनिट शांतता, पुन्हा ६. उत्तर मिनिटाला ३ शिट्ट्यांचं येतं. रात्री हेच टॉर्चनं. उत्तर अमेरिकेत मात्र तीनचा संकेत हाच मदतीसाठी समजतात, जाल तिथली रीत आधी बघून घ्या. आपल्या सिमला रेंज नसली तरी बऱ्याच देशांत ११२ हा आपत्कालीन क्रमांक दुसऱ्या कुठल्याही उपलब्ध नेटवर्कवरून लागतो, म्हणून लावून बघा. फोन एरवी विमान मोडवर ठेवा, बहुतेक फोनमध्ये जी.पी.एस. तरी चालतं. आधी उतरवून घेतलेला नकाशा दोघांच्याही फोनमध्ये हवा.

घोट्याला लागलं असेल आणि खाली उतरायचंच असेल तर बूट काढू नका. सूज आली की तो परत चढत नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज आवळा. त्या पायावर ४ पावलंही टाकता येत नसतील तर हाड मोडलेलं असू शकतं, चालवू नका.

डोक्याला मार, बेशुद्धी, गारठा यांपैकी काही असेल तर सोडून जायचं नाही. बेशुद्ध पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून श्वासमार्ग मोकळा ठेवा. जावंच लागलं तर जखमी माणसाच्या खाली मॅट आणि सॅक, अंगावर सगळं उबदार, हाताशी पाणी, खाणं, शिट्टी, टॉर्च. जागा लांबून दिसेल असं भडक कापड बांधा. कागदावर अक्षांश-रेखांश, दुखापत, वेळ लिहून दोन प्रती: एक त्याच्यापाशी, एक तुमच्याकडे. ही पाळी येऊ नये म्हणून घरी कोणाकडे तरी वाट, मुक्कामाची जागा आणि 'इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर बचाव पथकाला कळव' ही वेळ देऊन ठेवा. नुसतं 'संध्याकाळपर्यंत येऊ' म्हटलं तर घरचे सकाळपर्यंत वाट बघत बसतात.

काजळमाथा

बुटांबद्दल एक. वर्षानुवर्षं कपाटात ठेवलेले बूट बाहेरून नवे दिसतात, पण पॉलियुरेथेनचा मधला थर हवेतल्या दमटपणानं आतून विरतो. चालायला लागलं की तासाभरात तळ सुटून येतो. निघण्याआधी आठवडाभर घरात घालून चाला, तळ आणि वरचा भाग यांच्यातली रेघ अंगठ्यानं दाबून बघा, भुगा पडतोय किंवा भेग दिसतेय तर नेऊ नका. वाटेत सुटलाच तर दोरी टाचेपुढच्या खाचेतून घेऊन घोट्याभोवती बांधा आणि चवड्यावर टेपचे दोन वेढे द्या.

पायाला कुठे गरम-गरम घासल्यासारखं वाटलं की त्याच क्षणी थांबायचं. मोजा काढा, जागा कोरडी करा, सुरकुती न पडता टेप लावा. फोड आल्यावर लावलेल्या टेपचा फारसा उपयोग नाही. आणि यासाठी थांबायला जोडीदाराची परवानगी लागत नाही, हे निघतानाच बोलून घ्या.

सांजवाट

दोन मुद्दे राहिलेत. शौचाला पाण्यापासून, वाटेपासून आणि मुक्कामापासून किमान ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा, नंतर मातीनं बुजवायचा. कागद अपारदर्शक झिप पिशवीत परत आणायचा, तसंच वापरलेले पॅड. ते पुरू नका, जनावरं उकरून काढतात. श्रमानं आणि उंचीनं पाळी पुढे-मागे होऊ शकते, म्हणून तारीख नसली तरी एक दिवसाचं सामान सॅकमध्ये असू द्या. कप वापरत असाल तर हात धुवायला वेगळं स्वच्छ पाणी धरा. बाहेर जावं लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी कमी पिणं हा प्रकार बायका सर्रास करतात. त्यानं लघवीचा संसर्ग होतो आणि रात्री थंडीही जास्त बाधते. त्यापेक्षा तंबूची जागाच अशी निवडा की रात्री टॉर्च घेऊन सहज आणि सुरक्षित बाहेर जाता येईल.

रातकिडा

सगळ्यांचे आभार, यादी नव्यानं लिहायला घेतली. शेवटचा प्रश्न: अर्धवट वापरलेला गॅसचा डबा पुढच्या खेपेला किती उरलाय हे कसं ओळखायचं?

काजळमाथा

नवा डबा वापरण्याआधीच स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि तो आकडा डब्याच्या बुडाला मार्करनं लिहा. त्यातून आतल्या गॅसचं छापील वजन वजा केलं की रिकाम्या डब्याचं वजन मिळतं, तेही लिहा. परत आल्यावर पुन्हा काट्यावर ठेवा. समजा आता १५० ग्रॅम भरतोय आणि रिकामा ९५ आहे, तर ५५ उरला, म्हणजे वाऱ्याबिऱ्याचं धरून साडेतीन लिटर पाणी. दोघांच्या एका रात्रीला एकटा पुरणार नाही, पण दुसऱ्या भरलेल्या डब्यासोबत जोड म्हणून न्यायला चांगला. डबा स्टोव्हपासून सोडवून, टोपण लावून, उन्हापासून लांब ठेवा.